इंग्रजीतील 'ही' आणि 'सुद्धा'

नागपूर शहर मागे टाकून अमरावतीच्या रस्त्यास लागले म्हणजे वाडी लागते. मालाची गोदामे, मालवाहू मोटारींच्या रांगा आणि बिल्ट्यांचे पुडके सांभाळीत बसलेल्या कचेऱ्या, असे येथील नित्याचे दृश्य. अशाच एका कचेरीत आमच्या शेजारचा एक तरुण कारकून आहे. मुलगा कष्टाळू व सरळ. गेल्या चैत्रात एके सायंकाळी तो आमच्याकडे आला, तेव्हा त्याच्या हातात दोन कागद होते व चेहरा उतरलेला होता. परप्रांतातील एका व्यापाऱ्याने पाठविलेले दोन नग गोदामात पोहोचलेच नव्हते. तसे त्याने ई-मेलने इंग्रजीत कळविले होते. त्यावर व्यापाऱ्याकडून उत्तर आले की, एक नग मिळाल्याचे आपण मान्य करता, सबब न मिळालेल्या दुसऱ्या नगाचीच काय ती चौकशी आम्ही करीत आहो. मालकांनी ते उत्तर वाचले. एक नग आला आणि गोदामातून नाहीसा झाला, असाच त्याचा अर्थ होत होता. म्हणून त्या नगाची किंमत ह्या मुलाच्या पगारातून कापून घेण्याचा विचार त्यांनी बोलून दाखविला.

"गुरुजी, मी कोठे मान्य केले? दोन्ही मिळाले नाहीत, असेच तर मी लिहिले आहे," तो काकुळतीने म्हणाला.

आम्ही चष्मा लावून त्याचे पत्र वाचले. दोनच वाक्ये होती. 'वुई हॅव नॉट रिसीव्ह्ड बोथ द पार्सल्स. द बिल्टी ऑल्सो नॉट रिसीव्ह्ड.' आम्ही त्यास म्हटले, "अरे, तू मराठीच लिहिले आहेस, शब्द तेवढे इंग्रजी घातलेस." कारण 'नॉट' आणि 'बोथ' अशा रीतीने एकत्र आले म्हणजे इंग्रजी वाचकाच्या मनात प्रथम जो अर्थ येतो, तो 'दोन्ही मिळाले असे नाही', अर्थात एकच मिळाला, हा होय. मुलाच्या मनातील अर्थासाठी इंग्रजीत 'वुई हॅव रिसीव्ह्ड नायदर ऑफ द पार्सल्स' असे, किंवा 'हॅव नॉट रिसीव्ह्ड आयदर ऑफ देम' असे लिहावयास हवे होते. आणि पुढे 'नॉर हॅव वुई रिसीव्ह्ड द बिल्टी'. व्यापाऱ्याचा ह्यात काडीइतकाही दोष नव्हता. त्याने जे वाचले त्याचेच उत्तर दिले. त्याच रात्री आम्ही दुसरे पत्र लिहून दिले. त्याचे काय झाले ते पुढे सांगू.

ह्या प्रसंगाने आम्हांस विचारात पाडले. आमच्या घराघरांतून इंग्रजी आता परके राहिलेले नाही. २००० सालापासून महाराष्ट्रातील मराठी शाळांतही ते पहिल्या इयत्तेपासून शिकवितात. मोठमोठे शब्द मुलांस सहज येतात. वर्णलेखनाच्या चुका तर संगणकच दुरुस्त करून देतो. परंतु जे शब्द इतके लहान आहेत की त्यांचा अभ्यास करावा असे कोणासच वाटत नाही, त्यांच्याच ठायी आमचे लोक फसतात. 'ऑल्सो', 'टू', 'अ‍ॅज वेल', 'ईव्हन', 'आयदर', 'बिसाइड्स' हे शब्द त्यांतलेच. मराठीत ज्यांचे काम 'ही', 'सुद्धा', 'देखील', 'शिवाय' ही अव्यये करतात, ते हे शब्द.

आता मूळ घोटाळा कोठे आहे ते पाहू. आमचे 'ही' हे अव्यय दिसावयास एका अक्षराचे, पण त्याच्या अंगावर चार निरनिराळ्या कामांचा भार आहे. 'रामही आला' येथे ते भर घालते. 'गुरुजीही चुकले' येथे ते आश्चर्य दाखविते. 'दोन्ही', 'तिन्ही', 'चारही' ह्या शब्दांच्या पोटात बसून ते समग्रता सांगते. आणि 'कोणीही', 'काहीही', 'कधीही' ह्यांत ते अनिश्चित अशा सर्वांना कवेत घेते. संस्कृतातील 'अपि' ह्या निपाताचीही हीच गत आहे. 'रामोऽपि', 'द्वावपि', 'कोऽपि' ही रूपे ज्यांस ठाऊक आहेत, त्यांस हे निराळे सांगावयास नको. अमरकोशकारांनी तर 'अपि'चे निंदा, समुच्चय, प्रश्न, शंका व संभावना असे पाच अर्थ दिले आहेत. एका शब्दाने इतकी कामे करून घेणे आमच्या भाषांस परवडते, कारण प्रसंगावरून ऐकणारा अर्थ लावून घेतो. इंग्रजीने मात्र ही कामे वाटून दिली आहेत. भर घालावयाची तर 'ऑल्सो' किंवा 'टू', आश्चर्य दाखवावयाचे तर 'ईव्हन', दोहोंची समग्रता सांगावयाची तर 'बोथ', कोणीही म्हणावयाचे तर 'एनी'. शिवाय वाक्य नकारार्थी झाले की पुष्कळदा पुन्हा पाळी बदलते. 'ऑल्सो'च्या जागी 'आयदर' येते आणि 'बोथ'च्या जागी 'नायदर'. मराठीत नकार आला तरी 'ही' आपल्या जागी स्वस्थ असते. 'मीही गेलो', 'मीही गेलो नाही'. तेव्हा मराठी मनुष्य 'आय ऑल्सो डिड नॉट गो' असे लिहितो, ह्यात नवल नाही. इंग्रज मात्र 'आय डिड नॉट गो आयदर' म्हणेल. 'मलाही चहा आवडत नाही' ह्यास 'नायदर डू आय' एवढे तीन शब्दांचे उत्तर पुरते. आणि 'मलाही आवडतो' असे असेल तर 'सो डू आय'. ही दोन उत्तरे जरी मुलांच्या तोंडी बसली, तरी त्यांचे बोलणे निम्मे सुधारेल.

'ईव्हन'ची चूक ह्याहून नाजूक आहे, कारण तीत व्याकरण बिघडत नाही, माणसे दुखावतात. हल्ली आमच्या शहरी मुलांस 'मीही' म्हणावयाचे असले की 'ईव्हन आय' म्हणण्याची सवय जडली आहे. 'ईव्हन आय अ‍ॅम फ्रॉम नागपूर' असे एखादा मोठ्या उत्साहाने सांगतो. त्याचा खरा अर्थ 'माझ्यासारखासुद्धा नागपूरचा आहे, पाहा', असा काहीसा होतो. आमच्या नात्यातील एका घरी परदेशी वाढलेल्या मुलीचे स्थळ आले होते. मुलीच्या वडिलांस मराठी वाचण्याचा सराव राहिला नव्हता, म्हणून मुलाने इंग्रजीत पत्र लिहिले. त्यात 'आमच्या आईलाही आपली कन्या फार आवडली' हे वाक्य 'ईव्हन माय मदर लाइक्ड युवर डॉटर टू मच' असे उतरले होते. पत्र टाकण्यापूर्वी ते आमच्या दृष्टीस पडले, हे त्या घराचे भाग्य. ज्या आईला सहसा कोणीच पसंत पडत नाही तिलादेखील तुमची मुलगी आवडली, आणि तीही प्रमाणाबाहेर, असा त्या एका ओळीचा अर्थ होत होता. आई बिचारी स्वयंपाकघरात आनंदाने लाडू वळीत होती! 'माय मदर लाइक्ड हर व्हेरी मच, टू' एवढे लिहिले की काम झाले.

ह्या वाक्यातील दुसऱ्या चुकीकडे आता वळू. इंग्रजीत 'टू' असा उच्चार असलेले तीन शब्द आहेत. आमच्या बाळबोध लिपीत ते तिन्ही एकसारखेच लिहिले जातात, म्हणून फोड करून सांगतो. एक संख्यावाचक, 'दोन' ह्या अर्थाचा. दुसरा 'कडे' किंवा 'ला' ह्या अर्थाचा, एक 'ओ' असलेला. तिसरा दोन 'ओ' असलेला. आपला विषय तो. इतिहासाने पाहता दुसरा व तिसरा हे मूळचे एकच. आघात देऊन उच्चारलेल्या रूपास पुढे, सोळाव्या शतकाच्या सुमारास, निराळे वर्णलेखन मिळाले. ह्या तिसऱ्या 'टू'चे पुन्हा दोन अर्थ आहेत. वाक्याच्या शेवटी आला तर 'सुद्धा', आणि विशेषणाच्या आधी आला तर 'प्रमाणाबाहेर'. हा 'प्रमाणाबाहेर' आमच्या लोकांनी 'फार' असा समजून घेतला आहे. 'धिस मँगो इज टू स्वीट' ही आमच्या मते स्तुती. इंग्रजाच्या मते तक्रार, आंबा इतका गोड की खाववत नाही. 'ही इज टू ओल्ड' म्हटले की इंग्रज पुढे 'कशासाठी?' म्हणून वाट पाहतो, कारण त्या शब्दाच्या मागे 'टू क्लाइंब', 'टू वर्क' असे काहीतरी असावयाचेच. स्तुती करावयाची असेल तर 'व्हेरी' वापरावे. अलीकडील बोलीत 'टू गुड' वगैरे प्रयोग कौतुकाने होतात हे आम्हांस ठाऊक आहे; परंतु बोलीतील लाड अर्जात आणू नयेत.

आता जागेचा प्रश्न. मराठीचे एक मोठे सुख असे की 'ही' ज्या शब्दाशी संबंध असेल त्याच शब्दास जाऊन चिकटते. 'रामानेही आंबा खाल्ला', 'रामाने आंबाही खाल्ला', 'रामाने आंबा खाल्लाही'. तीन वाक्ये, तीन अर्थ, आणि कोठेही संशय नाही. इंग्रजीत 'राम ऑल्सो एट ए मँगो' एवढे एकच वाक्य पहिल्या दोन्ही अर्थांनी घेता येते. बोलताना इंग्रज 'राम'वर किंवा 'मँगो'वर आघात देऊन अर्थ उघड करतो. कागदावर आघात उमटत नाही. म्हणून लिहिताना शहाण्याने वाट बदलावी. रामावर भर असेल तर 'राम टू एट ए मँगो'. आंब्यावर भर असेल तर आधीचा पदार्थ सांगून मग 'अँड ए मँगो अ‍ॅज वेल'. 'ऑल्सो'ची वाक्यातील ठरीव जागा मुलांस सांगावयाची झाल्यास इतकेच सांगावे की साध्या क्रियापदाच्या आधी, सहायक क्रियापद असल्यास पहिल्या सहायकानंतर, आणि 'इज', 'अ‍ॅम', 'आर', 'वॉज' ह्यांच्यानंतर. 'ही ऑल्सो टीचेस', 'ही हॅज ऑल्सो टॉट', 'ही इज ऑल्सो ए टीचर'. वाक्याच्या शेपटास 'ऑल्सो' बांधण्याची आमची जी खोड आहे, ती 'टू' किंवा 'अ‍ॅज वेल' ह्यांस शोभते, 'ऑल्सो'ला तितकीशी नाही.

संस्कृत शिकलेल्यांस ह्यात एक ओळखीची गोष्ट दिसेल. 'च' हा निपात वाक्याच्या आरंभी कधी येत नाही. तो मागून येऊन बसतो. 'टू' व 'अ‍ॅज वेल' ह्यांची रीत तशीच आहे. 'अपि' वाक्याच्या आरंभी आला तर त्याचा अर्थच पालटतो व तो प्रश्न विचारू लागतो. 'ऑल्सो'चा अर्थ आरंभी आल्याने पालटत नाही, पण तेथे तो मागाहून आठवलेल्या गोष्टीसारखा दिसतो. खाजगी पत्रात चालेल. अर्जात किंवा निबंधात तेथे 'मोअरओव्हर', 'फर्दरमोअर' किंवा 'इन अ‍ॅडिशन' हे शब्द घालतात. त्यांविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. एका निबंधात एकदा आले तर शोभतात, प्रत्येक परिच्छेदाच्या तोंडी आले तर परीक्षकास जांभई येते. आमच्याकडील हलक्या अनुष्टुभांतून पाद भरण्यासाठी 'च' व 'तु' ह्यांची जशी भरती होते, तसा हा प्रकार होय.

'च'वरून आठवले. द्वंद्व समासाची चर्चा करताना वैयाकरणांनी 'च'चे चार अर्थ वेगळे केले आहेत. त्यांतील 'अन्वाचय' फार मौजेचा आहे. भिक्षेस जा म्हणून सांगावयाचे, आणि जाता जाता गायही घेऊन ये म्हणावयाचे. मुख्य काम भिक्षेचे; गाय दिसली तर आणावी, न दिसली तर भिक्षा काही अडत नाही. म्हणजे जोडलेल्या दोन गोष्टींत एक प्रधान व एक गौण असू शकते, हे आमच्या पूर्वजांनी नीट ओळखले होते. इंग्रजीत हे 'अ‍ॅज वेल अ‍ॅज' ह्या शब्दसमूहाने दाखवितात, आणि तेथे आमचे भले भले उलटे जातात. 'शी इज क्लेव्हर अ‍ॅज वेल अ‍ॅज ब्यूटिफुल' ह्याचे भाषांतर 'ती हुशार तसेच सुंदर आहे' असे करून मुले मोकळी होतात. वास्तविक ती सुंदर आहे हे सर्वांस ठाऊकच आहे, नवीन सांगावयाचे ते तिची हुशारी, असा त्या वाक्याचा रोख आहे. 'ती नुसती सुंदरच नव्हे, हुशारही आहे' हे भाषांतर खरे. जे मागे ते जुने, जे पुढे ते नवे. क्रियापदही प्रधानाच्याच मागे जाते. 'द टीचर, अ‍ॅज वेल अ‍ॅज द बॉइज, वॉज प्रेझेंट'. येथे मुले कितीही असली तरी 'वर' लिहावयाचे नाही. हे नियम ज्या रेन आणि मार्टिन ह्यांच्या पुस्तकावरून आमच्या कित्येक पिढ्या शिकल्या, त्यांपैकी रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीस होते, आणि पुढे १९२४ साली 'बो जेस्ट' ही कादंबरी लिहून विलायतेत गाजले. व्याकरणकार कादंबरी लिहितो ह्यावर आमच्या वर्गातील मुलांचा कधी विश्वास बसला नाही.

'शिवाय' हा शब्द आम्हांस अरबी-फारशीकडून मिळाला, 'खेरीज'ही तसाच. दोघांनीही येताना आपल्याबरोबर एक संशय आणला आहे. 'हरीशिवाय तिघे आले' ह्या वाक्यात हरी आला की नाही? आला असे एक म्हणेल, नाही असे दुसरा म्हणेल, आणि दोघेही बरोबर असतील. इंग्रजीत ह्याचा निवाडा शब्दच करतात. 'बिसाइड्स हरी, थ्री अदर्स केम' म्हणजे हरी आला व आणखी तिघे आले, एकूण चार पाने वाढावी. 'एव्हरीवन केम एक्सेप्ट हरी' म्हणजे हरी आला नाही. येथे 'बिसाइड्स' व 'एक्सेप्ट' ह्यांची अदलाबदल केली की पंगतीत एक पान अधिक किंवा एक पाहुणा उपाशी. आणखी एक सावधगिरी. शेवटचा 'स' गळला की 'बिसाइड' होते, व त्याचा अर्थ 'शेजारी'. 'बिसाइड माय हाउस देअर इज ए वेल' म्हणजे घराशेजारी विहीर आहे. त्यात 'स' घातला तर घराखेरीज एक विहीरही आमच्या मालकीची आहे, असा भास होईल. वाटणीपत्राचे इंग्रजी भाषांतर करणाऱ्यांनी हा एक 'स' जपावा.

'ऑल्सो'विषयी थोडी गंमत सांगण्याजोगी आहे. हा शब्द मूळचा 'ऑल' आणि 'सो' ह्यांचा संधी, 'अगदी तसेच' ह्या अर्थाचा. आमच्या 'तसेच'शी त्याचे किती साम्य! ह्याच शब्दाचे झिजून झालेले रूप म्हणजे 'अ‍ॅज'. त्याचा सख्खा भाऊ जर्मन भाषेत 'आल्झो' ह्या उच्चाराने, पण इंग्रजीसारख्याच वर्णलेखनाने अजून नांदत आहे. मात्र तेथे त्याचा अर्थ 'म्हणून' किंवा 'तर मग' असा आहे, आणि 'सुद्धा'साठी जर्मन लोक 'आउख' म्हणतात. आमच्या घरांतील मुले शिक्षणासाठी जर्मनीस जाऊ लागली आहेत. त्यांस तेथे पहिल्या दिवसापासून हा शब्द घडोघडी ऐकावयास मिळेल. इंग्रजीच्या भरवशावर त्याचा अर्थ 'सुद्धा' घेऊ नये.

कोणी म्हणेल, हिंदुस्थानात इंग्रजी आता आमचीच झाली आहे, आम्ही बोलू ती बरोबर. ह्या म्हणण्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. नागपूरचेच पाहा. १८६१ साली मध्यप्रांत झाला तेव्हापासून १९५६ पर्यंत येथील मराठी हिंदीच्या शेजारी, एकाच राज्यकारभाराखाली नांदली. त्यामुळे पुण्याचा मनुष्य 'मीही येतो' म्हणेल तेथे आमच्या वाडीच्या बाजारात 'मी भी येतो', 'मी बी येतो' सर्रास ऐकू येते. त्यास आम्ही चूक म्हणत नाही. ते ह्या मातीचे बोलणे आहे, आणि ऐकणारा व बोलणारा दोघेही एकाच अर्थाने ते घेतात. भांडण तेथे नाहीच. लिहिणाऱ्याने एक अर्थ घातला व वाचणाऱ्याने दुसरा काढला, आणि मधल्यामध्ये एका गरीब कारकुनाचा पगार अडकला, तेथे मात्र 'आमची इंग्रजी' म्हणून भागत नाही.

त्या मुलाचे पुढे असे झाले. दुसऱ्या पत्रात आम्ही प्रथम 'नायदर'चे वाक्य घातले, आणि पहिल्या पत्रातील 'बोथ'मुळे गैरसमज झाला असल्यास क्षमा असावी, असेही त्याच्या नावे लिहिले. शिवाय संशय उरू नये म्हणून शेवटी आकड्यांत लिहिले, की पाठविलेले नग २, मिळालेले नग ०. खरे सांगावयाचे तर ह्या शेवटच्या ओळीनेच काम केले असावे. तिसऱ्या दिवशी उत्तर आले, मालकांनी पगार कापण्याचा विचार सोडला, आणि पंधरवड्यानंतर दोन्ही नग मार्गावरील दुसऱ्याच एका गोदामात, बिल्टीसह, जसेच्या तसे मिळाले.

परवा तो मुलगा पेढे घेऊन आला होता. जाताना उंबऱ्याशी थांबून त्याने विचारले, "गुरुजी, तो शब्द 'आयदर' म्हणावा की 'ईदर'? कचेरीत दोघे जण त्यावरून भांडतात." आम्ही सांगितले, "दोन्ही चालतात."